'ई' म्हणजे २.७१८२८… : वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन करायची ओळख

गणितातला 'ई' बहुतेकांना अकरावी-बारावीत भेटतो. फळ्यावर एक सीमा (लिमिट) लिहिली जाते, पुढे बरोबरचे चिन्ह येते आणि त्यापुढे ई. पाठ करा आणि अवकलनाकडे वळा. पाय या स्थिरांकाचे तसे होत नाही. ताटाभोवती दोरा गुंडाळला, व्यासाने भागले की पाय हाती लागतो, आणि आकडा विसरला तरी तो कशाचा आहे हे विसरत नाही. ई कशाचा आकडा आहे हे मात्र इंजिनिअरिंग पूर्ण केलेली मुलेही पुष्कळदा सांगू शकत नाहीत. गोव्यात फर्मागुढीपासून म्हापशापर्यंत शिकवण्या घेणाऱ्या कोणालाही विचारा, हाच अनुभव सांगतील.

उत्तर आधीच सांगून टाकतो. एखादी गोष्ट स्वतःच्या आकाराच्या प्रमाणात वाढते आहे, आणि झालेली वाढ कुठेही न थांबता क्षणोक्षणी मुळात मिसळते आहे, असे समजा. दर शंभर टक्के असेल तर एका कालावधीत एकाचे जेवढे होतील, तो आकडा म्हणजे ई. हे वाक्य वाचून पटणार नाही. ते मोजून पटते, म्हणून खालच्या पायऱ्या ओळीने करा. वही, पेन आणि वैज्ञानिक कॅल्क्युलेटर एवढेच सामान लागते. बऱ्याच मोबाइलमध्ये फोन आडवा धरला की तो उघडतो.

पायरी १ : एक लाख रुपये, एक वर्ष

समजा एखादी पतसंस्था वर्षाला १०० टक्के व्याज देते. खऱ्या जगात असा दर कोणी देत नाही आणि देऊ करत असेल तर तिथे फिरकू नये. इथे तो घेतला आहे तो हिशेब सोपा व्हावा म्हणून. तुम्ही एक लाख रुपये ठेवले.

व्याज वर्षअखेरीस एकदाच जमा झाले तर २,००,००० होतात. आता संस्थेला सांगा, व्याज सहा महिन्यांनी जमा करा. सहा महिन्यांना ५० टक्के, म्हणून दीड लाख. पुढच्या सहा महिन्यांत त्या दीड लाखावर ५० टक्के, म्हणजे २,२५,०००. वरचे पंचवीस हजार आले ते व्याजावरच्या व्याजाचे. आता हप्ते वाढवत जा आणि प्रत्येक आकडा स्वतः काढा :

तिमाही : (१ + १/४) चा ४ था घात, २,४४,१४१ रुपये
मासिक : (१ + १/१२) चा १२ वा घात, २,६१,३०४ रुपये
रोज : (१ + १/३६५) चा ३६५ वा घात, २,७१,४५७ रुपये
दर तासाला : वर्षाचे ८,७६० तास, २,७१,८१३ रुपये
दर मिनिटाला : वर्षाची ५,२५,६०० मिनिटे, २,७१,८२८ रुपये

इथे थोडे थांबा. व्याज जितक्या वेळा जमा होईल तितकी रक्कम वाढते हे खरे, पण ती हाताबाहेर जात नाही. रोजच्यावरून तासावर गेलो तर साडेतीनशे रुपये वाढले, तासावरून मिनिटावर गेलो तर पंधरा. सेकंदाला, सेकंदाच्या हजाराव्या भागाला व्याज दिले तरी २,७१,८२८ रुपये आणि १८ पैशांच्या वर जाता येत नाही. हप्ते दुप्पट झाले की प्रत्येक हप्त्यातले व्याज निम्मे होते. दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात आणि रक्कम एका जागी येऊन ठरते. त्या जागेचे नाव ई.

हा प्रश्न अगदी याच रूपात १६८३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या जेकब बर्नुलीने घेतला होता. उत्तर अडीच आणि तीन यांच्या मध्ये कुठेतरी आहे एवढे त्याने दाखवले. त्या आकड्याला 'ई' हे अक्षर मिळायला अजून अवकाश होता. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने ते १७३१ साली गोल्डबाख या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात वापरले, १७३६ मध्ये त्याच्या यांत्रिकीवरच्या ग्रंथात ते छापून आले, आणि मग तेच रूढ झाले.

दर शंभर टक्के नसेल तर? ८ टक्के घ्या. अखंड चक्रवाढीने एका वर्षात एकाचे 'ई चा ०.०८ वा घात' इतके होतात, म्हणजे १.०८३२९. बँका मुदत ठेवीवर बहुधा तिमाही चक्रवाढ देतात, त्याने १.०८२४३ येतात. लाखाला फरक जेमतेम ८५ रुपयांचा. म्हणून ठेवीदाराने ई ची चिंता करायचे कारण नाही. निसर्गात मात्र तिमाही नसते. जिवाणू महिनाअखेरीची वाट पाहून वाढत नाहीत, गरम भांडे दर तासाच्या ठोक्याला निवत नाही. तिथे वाढ आणि घट अखंडच असते, आणि ई ची खरी जागा तीच आहे.

दर आणि काळ यांचा फक्त गुणाकार महत्त्वाचा, हेही इथेच लक्षात घ्या. ८ टक्क्यांनी दहा वर्षे आणि ८० टक्क्यांनी एक वर्ष, दोन्हींचे उत्तर 'ई चा ०.८ वा घात', म्हणजे २.२२५५ पट. घातांकात नेमके काय लिहायचे हा नवख्यांना पडणारा प्रश्न इथे सुटतो. तिथे 'दर गुणिले काळ' जातो.

पायरी २ : मुद्दल, व्याज, व्याजाचे व्याज

या पायरीला वेळ द्या. माझ्या मते ई चा अर्थ सगळ्यात उघडपणे दिसतो तो इथे, आणि शाळेत नेमकी हीच पायरी सुटते.

वर्षाअखेरीच्या २.७१८ मध्ये कोणाकोणाचा वाटा आहे ते वेगळे करू. मुद्दल हे घरातले आजोबा समजा. ते वर्षभर आहेत तसेच राहतात : १.

आजोबांनी वर्षभरात थेट मिळवलेले व्याज : शंभर टक्क्यांनी १. ही पहिली पिढी, म्हणजे मुले.

आता पहिल्या पिढीच्या रुपयांनाही व्याज मिळते. पण हे सगळे रुपये वर्षाच्या सुरुवातीला घरात नव्हते, ते थेंबाथेंबाने आले. जानेवारीत आलेल्या रुपयाला काम करायला जवळजवळ पूर्ण वर्ष मिळाले, डिसेंबरात आलेल्याला जवळजवळ काहीच नाही. सरासरी अर्धे वर्ष. म्हणून नातवंडांचा वाटा १ गुणिले अर्धा, म्हणजे १/२.

पतवंडांचे काय? नातवंडे घरात येऊ लागली ती मुळातच उशिरा, वर्षाच्या उत्तरार्धात त्यांची गर्दी जास्त. त्यांना सरासरी अर्धे वर्षही मिळत नाही, एक तृतीयांश मिळते. म्हणून पतवंडांचा वाटा १/२ गुणिले १/३, म्हणजे १/६. त्यापुढच्या पिढीला सरासरी एक चतुर्थांश वर्ष, म्हणून १/२४. मग एक पंचमांश, १/१२०. प्रत्येक पिढी आणखी उशिरा येते आणि तिच्या वाट्याला आणखी कमी वेळ उरतो.

सगळ्यांची बेरीज :

ई = १ + १ + १/२ + १/६ + १/२४ + १/१२० + …

पाठ्यपुस्तकात हीच श्रेणी क्रमगुणितांच्या (१ गुणिले २ गुणिले ३ अशा गुणाकारांच्या) चिन्हाने लिहिलेली असते आणि कुठून आली ते कळत नाही. ती व्याजाच्या व्याजाच्या व्याजातून आली आहे. पहिले दोन एक म्हणजे सरळव्याज, त्यापुढचे ०.७१८ म्हणजे निव्वळ चक्रवाढीची कमाई.

ही बेरीज हाताने कराच. मागचे पद पुढच्या संख्येने भागायचे, एवढीच रीत : १ ला २ ने, आलेल्याला ३ ने, मग ४ ने. सात दशांश स्थळे ठेवा.

१ आणि १ मिळून २
०.५ मिळवून २.५
०.१६६६६६७ मिळवून २.६६६६६६७
०.०४१६६६७ मिळवून २.७०८३३३४
०.००८३३३३ मिळवून २.७१६६६६७
०.००१३८८९ मिळवून २.७१८०५५६
०.०००१९८४ मिळवून २.७१८२५४०
०.००००२४८ मिळवून २.७१८२७८८
०.०००००२८ मिळवून २.७१८२८१६

नऊ ओळींत पाच दशांश स्थळे पक्की झाली. पहिल्या पायरीच्या रीतीने मिनिटामिनिटाला व्याज देऊनही एवढीच झाली होती. त्या रीतीत हप्त्यांची संख्या दहापट केली की साधारण एक अंक जास्त बरोबर येतो. म्हणून किंमत काढायची तर श्रेणी वापरा, चक्रवाढीची रीत अर्थ समजायला ठेवा.

किंमत पाठ करायची असेल तर २.७ नंतर १८२८ दोनदा, मग ४५, ९०, ४५ : २.७१८२८१८२८४५९०४५. यातला १८२८ दोनदा आलेला पाहून हा आवर्ती दशांश असावा असे वाटते. तसे नाही, ती पुनरावृत्ती तिथेच थांबते. ई अपरिमेय आहे हे ऑयलरने १७३७ मध्ये सिद्ध केले. पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे ते उत्तर असू शकत नाही, हे शार्ल एर्मिटने १८७३ मध्ये.

पायरी ३ : वेग आणि रक्कम एकच

ही पायरी छोटी आहे, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होते. २ चा ०.००१ वा घात काढा, त्यातून १ वजा करा, उरलेल्याला ०.००१ ने भागा. ०.६९३४ येईल. हेच ३ घेऊन करा, १.०९९२ येईल. २.७१८ घेऊन करा, १.०००४ येईल.

आपण मोजले ते काय? दुपटीने वाढणारी गोष्ट घेतली, तर कोणत्याही क्षणी तिच्या वाढीचा वेग तिच्या त्या वेळच्या आकाराच्या ०.६९३ पट असतो. तिपटीने वाढणारीचा १.०९९ पट. या दोहोंच्या मध्ये एकच पाया (ज्याचा घात काढतो ती संख्या) असा आहे की वेग आणि आकार तंतोतंत सारखे. रक्कम दोन लाख असताना ती वर्षाला दोन लाख या वेगाने वाढते, पाच लाख असताना पाच लाख या वेगाने. अवकलनाच्या तासाला 'ई चा क्ष घात याचे अवकलन तेच राहते' असे सांगतात, ते हेच. बाकी प्रत्येक पायासोबत एक अवघड गुणक वागवत हिंडावे लागते, ई सोबत तो १ होतो. शास्त्रज्ञ २ किंवा १० सोडून ई घेतात ते यासाठी.

पायरी ४ : उलटा प्रश्न, किती वेळ लागेल?

आतापर्यंत वेळ देऊन रक्कम काढली. आता रक्कम देऊन वेळ काढा. शंभर टक्के अखंड दराने एकाचे दोन व्हायला किती वर्षे? कॅल्क्युलेटरवर २ लिहून 'एल एन' (ln) ही कळ दाबा : ०.६९३. आठ महिने आणि नऊ-दहा दिवस. दहापट व्हायला १० चा एल एन : २.३०३ वर्षे. ही कळ देते तो नैसर्गिक लॉगरिदम म्हणजे एवढेच, अमुक पट होण्यासाठी लागणारा वेळ.

असे पाहिले की लॉगचे नियम पाठ करावे लागत नाहीत. चौपट होणे म्हणजे दोनदा दुप्पट होणे, म्हणून ४ चा लॉग हा २ च्या लॉगच्या दुप्पट. सहापट म्हणजे आधी दुप्पट, मग तिप्पट, वेळा मिळवा. पटींचा गुणाकार आणि वेळांची बेरीज. जॉन नेपियरने लॉगरिदमचा शोध १६१४ मध्ये प्रसिद्ध केला तो गुणाकाराच्या कष्टांतून खगोलशास्त्रज्ञांची सुटका व्हावी म्हणून, बर्नुलीच्या व्याजाच्या प्रश्नाच्या जवळपास सत्तर वर्षे आधी.

व्यवहारातला '७२ चा नियम' (७२ ला व्याजाच्या टक्केवारीने भागले की दुप्पट व्हायला लागणारी वर्षे) इथलाच. अखंड वाढीत दुप्पट व्हायला ६९.३ भागिले टक्केवारी इतकी वर्षे लागतात. वार्षिक चक्रवाढीत थोडा जास्त वेळ लागतो, आणि ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ यांनी तोंडी भाग जातो, म्हणून ७२ घेतात. ८ टक्क्यांनी ९ वर्षे. नेमके उत्तर ९.००६ आहे.

पायरी ५ : घट, आणि मांडवीचे पाणी

वाढीच्या जागी घट आली की घातांकाला उणे चिन्ह लागते, बाकी सगळे तेच. गोव्यात याचे उत्तम उदाहरण पाण्यात आहे.

पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहून पावसाळ्यात मांडवीकडे पाहा. पाणी मातकट, हातभर खालचे दिसत नाही. उन्हाळ्यात त्याच जागी नजर बरीच खोल जाते. सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरला की पहिला मीटर त्यातला काही हिस्सा खातो. दुसरा मीटर उरलेल्यातला तेवढाच हिस्सा खातो, तिसरा त्यातून उरलेल्यातला. घट उरलेल्याच्या प्रमाणात, आणि ती थराथराने तुटक न होता सलग होते. म्हणून खोलीवरचा प्रकाश = पृष्ठावरचा प्रकाश गुणिले 'ई चा उणे (क गुणिले खोली) वा घात'. इथला क पाण्याच्या गढूळपणाचे माप आहे.

समजा क दर मीटरला ०.५ आहे. २ मीटरवर घातांक उणे १, प्रकाश उरला ३६.८ टक्के. ही १ भागिले ई ची किंमत, ती ओळखीची करून ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे. ४ मीटरवर १३.५ टक्के, ६ मीटरवर ५ टक्के. एक टक्का कुठे उरेल? पायरी ४ प्रमाणे १०० चा एल एन ४.६०५, त्याला ०.५ ने भागा : ९.२ मीटर. हा एक टक्का समुद्रशास्त्रात महत्त्वाचा आहे. साधारण त्या खोलीपर्यंतच पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती प्लवकांना प्रकाशसंश्लेषण परवडते, आणि मासळीची सगळी साखळी त्या प्लवकांवर उभी आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पाण्यातल्या प्रकाशाचा अभ्यास होतो, त्यात हे सूत्र रोजच्या वापरातले.

क मोजायचा कसा? जुनी आणि सुंदर पद्धत म्हणजे सेक्कीची तबकडी. अँजेलो सेक्की या इटालियन जेझुइट पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ती भूमध्य समुद्रात वापरली. पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपायची. क साधारण १.७ भागिले ती खोली. तबकडी ३.४ मीटरवर गडप झाली तर क ०.५, म्हणजे आपले वरचे उदाहरण. ती अर्ध्या मीटरवरच गडप झाली तर क ३.४, आणि एक टक्का प्रकाशाची मर्यादा ४.६ भागिले ३.४, म्हणजे १.३५ मीटर. नदी कितीही खोल असो, प्लवकांसाठी कामाचा थर कंबरेच्या थोडा वर येईल इतकाच. फार गढूळ पाण्यात तो १.७ काहीसा बदलतो, पण अंदाजाला पुरतो. प्रयोग करायचा तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन, धक्क्यावरून, ओहोटी-भरतीची वेळ पाहून करा.

घरात करायचा प्रयोग हवा असेल तर सकाळी अकराची पेज घ्या. स्वयंपाकघराचे तापमान ३० अंश आणि पेज ९० अंश असेल तर फरक ६०. पंधरा मिनिटांत फरक ३० झाला तर पुढच्या पंधरा मिनिटांत तो १५ व्हायला हवा, मग साडेसात. निवते ती पेजेची उष्णता, पण निम्मा होतो तो खोलीच्या तापमानाशी असलेला फरक. ९० चे ४५ होत नाहीत. वाफ निघत असेपर्यंत पेज हिशेबापेक्षा भराभर निवते, म्हणून वाटीवर झाकण ठेवून मोजा.

पायरी ६ : इथे ई आहे की नाही हे कसे ओळखावे

सगळीच वाढ ई ची नसते. भराभर वाढणाऱ्या कशालाही लोक 'घातांकी वाढ' म्हणून मोकळे होतात, ते चूक आहे.

कसोटी सोपी आहे. सारख्या अंतराने आकडे घ्या आणि प्रत्येक आकड्याला मागच्याने भागा. भागाकार साधारण सारखा येत असेल तर ई तिथे आहे. भागाकार बदलतो पण वजाबाकी सारखी येते, तर ती सरळ रेषेतली वाढ. टॅक्सीचे भाडे किलोमीटरमागे ठरावीक वाढते, तिथे ई नाही. पिंपात पन्हाळीचे पाणी साठते तेव्हा साठलेले पाणी आणखी पाऊस बोलावत नाही, तिथेही नाही. साथीच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्ण पुढचे रुग्ण घडवतो, तिथे आहे, पण संसर्ग होण्याजोगी माणसे उरत नाहीत तसा भागाकार घसरू लागतो आणि आलेख वाकतो. 'वाढलेला भाग स्वतः वाढ घडवतो का?' हे विचारा. उत्तर नाही असेल तर ई ला तिथे ओढू नका.

आकडे बरेच असतील तर प्रत्येकाचा एल एन काढून आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत आले तर त्या रेषेचा चढ हाच दर.

पायरी ७ : देवळाबाहेरच्या चपला

ई जिथे वाढ नाही, वेळ नाही, तिथेही निघतो, हे एकदा पाहून ठेवावे. मंगेशीच्या देवळाबाहेर पाच जणांनी चपला काढल्या. परतताना प्रत्येकाने न पाहता एकेक जोड घातला. एकालाही स्वतःची चप्पल मिळाली नाही असे होण्याची शक्यता किती?

पाच जोड पाच जणांत १२० प्रकारे वाटले जातात. त्यांतल्या ४४ प्रकारांत कोणालाच आपली मिळत नाही. ४४ भागिले १२० म्हणजे ३६.७ टक्के. सहा जणांसाठी ७२० पैकी २६५, म्हणजे ३६.८. साठ जण असोत की सहा हजार, उत्तर ३६.८ च. हीच ती १ भागिले ई, पाण्यात भेटलेली. माणसे वाढली की कोणाला तरी आपली सापडण्याची संधी वाढते, पण प्रत्येकाची स्वतःची संधी तेवढीच कमी होते. पहिल्या पायरीतला तोल तो हाच. सूत्र काढताना दुसऱ्या पायरीची श्रेणीच येते, फक्त एकाआड एक उणे चिन्हे घेऊन : १ − १ + १/२ − १/६ + १/२४ − १/१२०. कॅल्क्युलेटरवर करून पाहा, ०.३६६७ येईल, बरोबर ४४ भागिले १२०.

याचाच दुसरा चेहरा लॉटरीत आहे. दर तिकिटाला शंभरात एक संधी असेल तर शंभर वेगवेगळ्या सोडतींत एकेक तिकीट घेतल्यावर बक्षीस लागेलच असा हिशेब लोक मनात करतात. एकदाही न लागण्याची शक्यता ०.९९ चा १०० वा घात, म्हणजे ३६.६ टक्के आहे. तिघांपैकी एकाहून अधिक माणसे रिकाम्या हाताने परततात.

पायरी ८ : यंत्र कुठे फसवते

कॅल्क्युलेटरवर मोठे उत्तर आले की पडद्यावर '१.२ ई ५' असे काहीसे दिसते. तो ई आपला नव्हे. तिथे '१.२ गुणिले दहाचा पाचवा घात' असा अर्थ आहे, म्हणजे १,२०,०००. आपला ई हवा तर 'ई चा क्ष घात' ही कळ दाबून १ द्या.

'लॉग' आणि 'एल एन' या दोन वेगळ्या कळा आहेत. कॅल्क्युलेटरवरचा लॉग दहाच्या पायाचा, एल एन ई च्या पायाचा. पायथनसारख्या संगणकीय भाषांत मात्र नुसते 'लॉग' लिहिले की ई च्या पायाचा मिळतो. एकातून दुसऱ्यात जायला २.३०२६ ने गुणा किंवा भागा.

आणि पहिल्या पायरीत हप्ते वाढवत नेण्याचा मोह आवरा. पायथनमध्ये हप्त्यांची संख्या एकावर पंधरा शून्ये घेतली तर उत्तर ३.०३५ येते. सोळा शून्ये घेतली तर सरळ १. गणित बिघडलेले नाही. यंत्र साधारण सोळा अंकच लक्षात ठेवते, त्यामुळे १ मध्ये मिळवलेला सूक्ष्म तुकडा आधी वाकडा होतो आणि मग नाहीसाच होतो.

पायरी ९ : कोसंबींचे सूत्र करून पाहा

इथवर आलात तर आता एक खरे शास्त्रीय सूत्र सोडवण्याची तयारी झाली आहे, आणि ते आपल्या गोव्यात जन्मलेल्या माणसाचे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे इतिहासकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण ते पेशाने गणितज्ञ होते. १९४० च्या दशकात त्यांनी जनुकांमधले अंतर मोजण्याचे सूत्र दिले. पिकांचे जनुकीय नकाशे करणारे लोक ते आजही 'कोसंबी फलन' या नावाने वापरतात.

प्रश्न असा : एकाच गुणसूत्रावर दोन जनुके आहेत. पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून तुटली हे मोजता येते. पण दोघांच्या मध्ये दोन ठिकाणी गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि काही घडलेच नाही असे दिसते. म्हणून खरे अंतर दिसणाऱ्या प्रमाणापेक्षा जास्त असते. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्र मानून ई चे सूत्र दिले. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता कमी होते. कोसंबींनी ते हिशेबात धरले.

त्यांचे सूत्र : दिसणारे प्रमाण 'र' असेल तर (१ + २र) ला (१ − २र) ने भागा, त्याचा एल एन काढा, ४ ने भागा. र ०.२ घ्या. १.४ भागिले ०.६ म्हणजे २.३३३३. एल एन ०.८४७३. चारने भागून ०.२११८, म्हणजे नकाशावर २१.२ सेंटिमॉर्गन (जनुकांमधल्या अंतराचे एकक, वरच्या उत्तराची शंभरपट). हॉल्डेनच्या रीतीने (१ − २र) चा, म्हणजे ०.६ चा एल एन उणे ०.५१०८, त्याचे उणे चिन्ह काढून निम्मे करा : २५.५ सेंटिमॉर्गन. चार सेंटिमॉर्गनचा हा फरक सगळा त्या 'शेजारी दुसरी होत नाही' या निरीक्षणाचा.

तुमचे उत्तर ९.२ आले असेल तर एल एन ऐवजी लॉगची कळ दाबली गेली आहे. ते सहज ओळखता येते. दिसणारे प्रमाण २० टक्के आहे, आणि लपलेल्या अदलाबदली अंतर वाढवतात, त्यामुळे उत्तर २० च्या खाली येऊच शकत नाही.